गेम स्ट्रीमिंगसाठी कॅप्चर कार्ड: पीएस५ + लॅपटॉप, कोणतं घ्यावं? (सोलापूर)

गड्डा_गेमर | रवि, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. पीएस५वरचे (प्लेस्टेशन ५) गेम यूट्यूबवर लाइव्ह दाखवायचे आहेत, म्हणून त्याचं चित्र लॅपटॉपात आणणारं कॅप्चर कार्ड हवंय. सामान असं आहे: पीएस५, ४३ इंची ४के टीव्ही (६० हर्ट्झ), लॅपटॉपात आय५, जीटीएक्स १६५० आणि १६ जीबी रॅम. फायबरचा अपलोड ४० एमबीपीएसच्या आसपास. घर जुळे सोलापुरात.

नवी पेठेत पेनड्राइव्हएवढं डोंगल सातशे रुपयांना सांगतात. ऑनलाइन पंधरा-वीस हजारांचीही कार्डं दिसतात. दोन्हींच्या खोक्यावर ४के, दोन्हींवर यूएसबी ३.०. मग फरक कशाचा? टीव्हीवर खेळताना उशीर जाणवता कामा नये, एवढी एकच अट. आगाऊ धन्यवाद.

कडक_भाकरी | रवि, रात्री १०:०५

खोक्यावरच्या "४के"चे तीन अर्थ असतात आणि दुकानात तिन्ही एका दमात सांगितले जातात. कार्ड पीएस५कडून किती घेतं, टीव्हीकडे किती सोडतं आणि लॅपटॉपला किती देतं. सातशेवाल्या डोंगलवरचं ४के हे फक्त पहिलं, तेही ३० फ्रेमचं. लॅपटॉपला ते १०८०पी ३० देतं आणि टीव्हीसाठी त्याला दुसरं भोकच नसतं. दुकानदाराला बोल लावून उपयोग नाही, त्यालाही खोक्यावर लिहिलंय तेवढंच माहीत.

३० फ्रेमच का, तर गणित बघा. एका फ्रेममध्ये १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके. वाययूवाय२ फॉरमॅटमध्ये प्रत्येक ठिपक्याला २ बाइट. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या की २४९ मेगाबाइट होतात, म्हणजे २ गिगाबिटच्या घरात. खोक्यावर ३.० लिहिलेलं असलं तरी सातशेवालं डोंगल आतून बहुधा यूएसबी २.०चंच असतं आणि त्याची कागदावरची मर्यादा ४८० मेगाबिट. चौपट माल त्या नळीतून जाणार कसा? म्हणून डोंगल प्रत्येक फ्रेम जेपीईजी फोटोसारखी दाबून पाठवतं. यालाच एमजेपीईजी म्हणतात. गेममध्ये एका जागी उभे असाल तोवर चित्र बरं दिसतं. गवतातून पळायला लागलात की ठोकळे पडतात, लाल अक्षरांच्या कडा फुटतात. वर तेच चित्र ओबीएस (लॅपटॉपवरचा स्ट्रीमिंगचा प्रोग्राम) पुन्हा दाबणार आणि यूट्यूब तिसऱ्यांदा.

यूएसबी ३.०ला ५ गिगाबिट, कोडिंगचा खर्च वजा जाता ४. त्यात १०८०पी ६० आरामात मावतं. ४के ३० मात्र वाययूवाय२मध्ये काठोकाठ भरतं, म्हणून ते एनव्ही१२मध्ये पाठवतात, ठिपक्याला दीड बाइट. ५ गिगाबिटच्या कार्डावर कोणी "४के ६० रेकॉर्डिंग" म्हणत असेल तर ते दाबलेलं तरी आहे नाहीतर थाप तरी.

तुम्हाला लागणारं कार्ड असं: टीव्हीकडे ४के ६०, लॅपटॉपकडे १०८०पी ६०. यूट्यूबवर १०८०पीच टाकणार असाल तर लॅपटॉपकडे ४के आणून करायचं काय? एल्गाटो एचडी६० एक्स यात बसतं: पासथ्रू (टीव्हीकडे सोडलेलं चित्र) ४के ६० एचडीआर (उजेड-अंधार जास्त खुलवणारं चित्र), कॅप्चर (लॅपटॉपला दिलेलं) १०८०पी ६०, शिवाय ४के ३०. एव्हरमीडियाचं लाइव्ह गेमर अल्ट्राही बसतं. दोन्ही यूएसबीची, लॅपटॉपला चालणारी. पीसीआयई स्लॉटची कार्डं डेस्कटॉपवाल्यांसाठी, तिकडे बघूच नका.

सेकंडहँड घेताना नावं नीट वाचा. एचडी६० एस, एचडी६० एस प्लस आणि एचडी६० एक्स ही तीन वेगळी कार्डं आहेत. नुसत्या "एस"चं पासथ्रू १०८०पी ६०लाच संपतं. ते मध्ये जोडलं की पीएस५ टीव्हीलाही १०८०पीच पाठवणार. स्वस्तात मिळालं म्हणून आणायचं आणि ४३ इंची टीव्हीवर धुरकट चित्र बघत बसायचं, असं होतं.

टेरीटॉवेल | रवि, रात्री १०:३१

+१. यूएसबीच्या कार्डाला वीज लॅपटॉपकडून मिळते हेही लक्षात ठेवा. लॅपटॉप बंद केला तर पासथ्रूही बंद आणि टीव्ही काळा. स्ट्रीम नसेल तेव्हा एचडीएमआय थेट टीव्हीला लावा, नाहीतर कार्डाची वायर मोबाइलच्या चार्जरला जोडून बघा.

पूर्वभाग | रवि, रात्री १०:४०

अण्णा, मधला काही मार्ग नाही का? पंधरा हजार म्हणजे आमच्यात गाडीचा हप्ता झाला की.

कडक_भाकरी | रवि, रात्री ११:०२

आहे, पण अटी आहेत. बिनब्रँड डोंगलांमध्ये दोन जाती आहेत. जुनी एमएस२१०९ चिपची, म्हणजे यूएसबी २.०. नवी एमएस२१३० चिपची, म्हणजे खरी यूएसबी ३.०. दुसरी जात १०८०पी ६० वाययूवाय२मध्ये देते आणि चित्र चांगलं असतं. बहुतेकांना लूप आउट, म्हणजे टीव्हीसाठीचं भोक, मात्र नसतं. मग टीव्हीसाठी मध्ये एचडीएमआय स्प्लिटर लावावा लागतो, एक आत दोन बाहेर. तिथे एक मेख आहे. साधा स्प्लिटर दोन्हीकडच्या क्षमता वाचतो आणि पीएस५ला दोघांना झेपेल तेच सांगतो. डोंगलला ४के ६० झेपत नाही, म्हणून टीव्हीही खाली येतो. यावर उपाय म्हणजे डाउनस्केल करणारा स्प्लिटर. एका तोंडातून ४के, दुसऱ्यातून १०८०पी. तो घेतला की डोंगल, स्प्लिटर, त्याचा अॅडॅप्टर आणि जादा केबल मिळून बचत बरीचशी संपते.

टीव्हीच १०८०पी असेल तर मात्र डोंगल आणि साधा स्प्लिटर ही जोडी उत्तम. गड्डा_गेमर यांचा टीव्ही ४के आहे म्हणून त्यांना नाही म्हणालो.

डोंगलवर निळं प्लास्टिक दिसलं म्हणजे ते यूएसबी ३.० झालं असं समजू नका. टॉर्च मारून प्लगच्या आत बघा. पुढे चार रुंद पट्ट्या दिसतील, त्या यूएसबी २.०च्या. त्यांच्या मागे, आत खोलवर, पाच छोटे पितळी ठिपके दिसले तर ३.०. निळं प्लास्टिक आहे आणि मागचे पाच गायब आहेत, असा मालही येतो. पाचही असले आणि तरीही शंका असेल तर ओबीएसमध्ये उघडा, रिझोल्युशन १९२० बाय १०८० आणि फॉरमॅट वाययूवाय२ निवडा. फ्रेम ५वर येऊन थांबल्या तर आत जुनी चिप आहे. दुकानात लॅपटॉप घेऊन जा आणि पैसे देण्याआधी हे करा, दोन मिनिटं लागतात.

निशिगंध | सोम, सकाळी ८:२०

मुलाकडे निन्टेंडो स्विच आहे, पहिल्या पिढीचं. त्यालाही एवढंच लागेल का?

कडक_भाकरी | सोम, सकाळी ८:४५

नाही ताई, तुमचं काम सोपं आहे. पहिलं स्विच डॉकमध्ये ठेवल्यावर जास्तीत जास्त १०८०पी ६० देतं, एचडीआर नाही, गेमला एचडीसीपीचं, म्हणजे चित्राची नक्कल रोखणारं, कुलूपही नाही. एमएस२१३०वालं डोंगल आणि साधा स्प्लिटर पुरेसा. डॉक मात्र हवाच. स्विच लाइट असेल तर त्यातून टीव्हीला चित्र निघतच नाही, कोणतंही कार्ड आणलं तरी.

एक विषयाला धरून नसलेलं, पण आई विचारतेय म्हणून सांगतो. यूट्यूबने २०२५च्या जुलैपासून एकट्याने लाइव्ह येण्याचं किमान वय १६ केलंय. मुलगा लहान असेल तर सोबत मोठं माणूस दिसायला हवं.

निशिगंध | सोम, सकाळी ८:५२

हे माहीतच नव्हतं. धन्यवाद.

खटका | सोम, दुपारी १:१५

कार्डावर चर्चा झाली, आता विजेवर बोलू. सोलापुरात कार्ड जळाल्याच्या ज्या तक्रारी येतात त्यात कार्डाचा दोष कमी आणि बोर्डाचा जास्त असतो.

पीएस५च्या वायरीला दोनच पिना असतात, इंग्रजी ८च्या आकाराचं तोंड. म्हणजे तिला अर्थिंग नाही. लॅपटॉपच्या अॅडॅप्टरला तीन पिना असतात, पण घरातल्या बोर्डाचं अर्थिंग नुसतं नावालाच असेल तर तोही लोंबकळतच. टीव्हीला केबलवाल्याची कोॲक्स वायर असेल तर तिचं तिसरंच. हे तीन वेगवेगळ्या पातळीवर तरंगणारे डबे तुम्ही एचडीएमआयने एकमेकांना जोडता. जोडताना कनेक्टरच्या पत्र्यावर बारीक ठिणगी उडते किंवा बोटाला झिणझिण्या येतात. लोक हसून सोडून देतात. तोच झटका कनेक्टरच्या बारीक पिनांतून गेला तर कार्डाचं इनपुट मरतं. मग "काल चालत होतं, आज नो सिग्नल".

म्हणून एचडीएमआय जोडताना किंवा काढताना तिन्ही वस्तू भिंतीवरच्या खटक्याने बंद करा, रिमोटने नव्हे. स्टँडबायमध्ये ठेवलेली वस्तू बंद नसते. केबलवाल्याची वायर टीव्हीतून आधी काढा. सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या आणि तो बोर्ड अर्थिंग असलेल्या तीन पिनी सॉकेटमध्ये लावा. पीएस५, टीव्ही आणि लॅपटॉप मिळून ६ अँपिअरच्या सॉकेटला सहज झेपतं.

अर्थिंग आहे का ते वायरमनकडून मल्टिमीटरने बघून घ्या. फेज आणि अर्थमध्ये २३०च्या आसपास यायला हवं, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ १५०-१७० दाखवत असेल तर खड्ड्यातलं अर्थिंग सुकलंय. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये जमीन भेगाळते तेव्हा हे हमखास होतं. खड्ड्यात पाणी सोडा, तरी फरक नाही पडला तर खड्डा नवा करा. स्वतः बोर्ड उघडू नका.

स्ट्रीममध्ये सारखा "हूं" असा गुणगुणता आवाज येतोय ना, त्याचंही मूळ बहुतेकदा इथेच असतं. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. आवाज गेला तर माइक बदलायला धावू नका, अर्थिंग बघा.

गड्डा_गेमर | सोम, दुपारी २:४०

लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात खऱ्या. वायरमनला बोलावतो. आणि एचडीएमआय केबल कोणती घेऊ?

खटका | सोम, दुपारी ३:०५

पीएस५च्या खोक्यात आलेली केबल पीएस५ आणि कार्ड यांच्यामध्ये लावा, ती अल्ट्रा हाय स्पीड, ४८ गिगाबिटची असते. कार्ड ते टीव्ही दुसरी लागेल. ४के ६०ला १८ गिगाबिट पुरतात, म्हणून "प्रीमियम हाय स्पीड" लिहिलेली घ्या, २ मीटरच्या आत. डीटीएचच्या डब्यासोबत आलेली जुनी केबल लावली तर टीव्हीवर मध्येच दोन सेकंद काळं होतं किंवा पांढरे ठिपके चमकतात. लोक त्याला कार्डाचा दोष म्हणतात.

टेरीटॉवेल | सोम, रात्री ९:३०

यूएसबीच्या केबलीचंही तसंच. कार्डासोबत आलेली केबल हरवू नका. तिचं तोंड टाइप-सी असतं म्हणून लोक मोबाइलच्या चार्जिंगची केबल लावतात. चार्जिंगच्या बहुतेक केबलींत यूएसबी २.०च्याच तारा असतात. कार्ड ओळखलं तर जातं, पण चित्र येत नाही किंवा अडखळत येतं. हबमध्येही लावू नका, लॅपटॉपच्या पोर्टातच लावा. शेजारच्या पोर्टात बाहेरची हार्डडिस्क असेल आणि रेकॉर्डिंग तिच्यावरच चालू असेल तर तीही आतून त्याच कंट्रोलरवर बसलेली असू शकते. फ्रेम गळू लागल्या तर आधी ती काढा.

आता पीएस५ची सेटिंग. हे क्रमाने करा, नाहीतर काळा पडदा बघून कार्ड परत कराल.

सेटिंग्ज, सिस्टम, एचडीएमआय, तिथे "एनेबल एचडीसीपी" बंद करा. हे चालू असेल तोवर कोणतंही प्रामाणिक कार्ड चित्र देणार नाही. बंद केल्यावर नेटफ्लिक्ससारखी अॅप पीएस५वर चालणार नाहीत, सिनेमा बघायचा तेव्हा पुन्हा चालू करा. मग स्क्रीन अँड व्हिडिओमध्ये जाऊन रिझोल्युशन २१६०पी, १२० हर्ट्झ आउटपुट बंद, व्हीआरआर (फ्रेमप्रमाणे टीव्हीचा वेग बदलणं) बंद. तुमचा टीव्ही ६० हर्ट्झचा असल्याने काही गमावत नाही. एचडीआरही सध्या बंदच ठेवा.

एचडीआरबद्दल थोडं. ओबीएसला एचडीआर २०२२ सालच्या २८व्या आवृत्तीपासून कळतो, पण कार्ड, ओबीएस आणि यूट्यूब तिघांनी एकच भाषा बोलायला हवी. एकानेही ऐकलं नाही की चित्र राखाडी, धुतलेलं दिसतं, जुन्या चादरीसारखं. एसडीआरमध्ये, म्हणजे साध्या चित्रात, सगळं जमलं की मग प्रयोग करा.

जोडून झाल्यावर "व्हिडिओ आउटपुट इन्फर्मेशन" उघडून बघा. पीएस५ नेमकं काय पाठवतंय ते तिथे लिहिलेलं असतं: रिझोल्युशन, फ्रिक्वेन्सी, रंगाचं स्वरूप, एचडीसीपी. इथे १०८०पी दिसत असेल तर मधल्या कार्डाने किंवा केबलने गळा दाबलाय. अंदाज बांधत बसण्यापेक्षा हे पान वाचा.

टेरीटॉवेल | सोम, रात्री ९:५८

ओबीएसचं राहिलं. सोर्सेसमध्ये अधिकचं चिन्ह, व्हिडिओ कॅप्चर डिव्हाइस, कार्ड निवडा. "रिझोल्युशन/एफपीएस टाइप" डिव्हाइस डीफॉल्टवर सोडू नका, कस्टम करा. १९२० बाय १०८०, ६०, फॉरमॅट एनव्ही१२ किंवा वाययूवाय२. कलर स्पेस ७०९. कलर रेंजवर लोक अडखळतात. पीएस५ची आरजीबी रेंज ऑटोमॅटिक असेल तर इथे "लिमिटेड" ठेवा. एक बाजू लिमिटेड, म्हणजे १६ ते २३५, आणि दुसरी फुल, म्हणजे ० ते २५५, असं झालं की काळा रंग राखाडी दिसतो किंवा उलट अंधारातलं सगळं गिळलं जातं. गेममधल्या अंधाऱ्या खोलीत उभं राहून टीव्ही आणि ओबीएस शेजारी शेजारी बघा, लगेच कळतं. बफरिंग डिसेबल करा.

आउटपुटमध्ये एनव्हीएन्क एच.२६४ (ग्राफिक्स कार्डातला चित्र दाबणारा एनकोडर), सीबीआर (स्थिर बिटरेट) ६००० केबीपीएस, कीफ्रेम २ सेकंद, आवाज १६०. १६५०मधला एनकोडर पुढच्या कार्डांपेक्षा जुना असतो, पण या कामाला चोख. तुमचा अपलोड ४० आहे, ९००० पर्यंत गेलात तरी हरकत नाही. ६०००ने दोन तासांत साधारण साडेपाच जीबी जातात, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर करणाऱ्यांनी हिशेब ठेवा.

रेकॉर्डिंग एमकेव्हीमध्ये ठेवा, साध्या एमपी४मध्ये नको. लाइट गेली किंवा लॅपटॉप बसला तर अर्धवट एमपी४ उघडतच नाही. एमकेव्ही तिथपर्यंतची शाबूत राहते. नंतर फाइल मेनूतून रीमक्स करून एमपी४ करता येते, पुन्हा दाबावं लागत नाही.

खेळताना लॅपटॉपच्या पडद्याकडे बघून खेळू नका. तिथे चित्र उशिराच येणार, कार्ड कितीही भारी असो. टीव्हीकडे बघा, पासथ्रूचा खर्च त्याच्यासाठीच केलाय. टीव्हीचा गेम मोडही चालू करा.

पूर्वभाग | मंगळ, सकाळी ११:०४

माझा प्रश्न वेगळा आहे मालक. आमच्याकडे पोरं बीजीएमआय खेळतात, मोबाइलवर. त्याला कोणतं कार्ड?

कडक_भाकरी | मंगळ, सकाळी ११:४०

बहुतेक वेळा कोणतंच नाही. कार्डाला एचडीएमआय लागतं आणि मोबाइलच्या टाइप-सीमधून एचडीएमआय तेव्हाच निघतं जेव्हा फोनमध्ये डिस्प्लेपोर्ट आल्ट मोड असतो. पंधरा-वीस हजारांच्या बहुसंख्य अँड्रॉइड फोनमध्ये तो नसतो. टाइप-सी टू एचडीएमआय अॅडॅप्टर आणून लावला तरी पडदा काळाच, अॅडॅप्टरचा दोष नसताना. आयफोन १५पासून पुढच्यांत बहुतेकांना तो आहे. अॅडॅप्टर घेताना चार्जिंगचं भोक असलेला घ्या, नाहीतर दोन मॅचमध्ये बॅटरी साफ.

अँड्रॉइडला फुकटचा मार्ग आहे: एस-सी-आर-सी-पी-वाय नावाचा प्रोग्राम, उच्चार "स्क्रीन कॉपी". फोनच्या सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करा, डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, त्यात यूएसबी डीबगिंग चालू करा. वायरने लॅपटॉपला जोडा, प्रोग्राम चालवा, फोनचा पडदा खिडकीत दिसतो. ती खिडकी ओबीएसमध्ये विंडो कॅप्चरने घ्या. बिटरेट मूळचा ८ मेगाबिट असतो, तो १६ करा आणि फ्रेमची मर्यादा ६० ठेवा. कंट्रोल बंद करण्याचा पर्याय आहे, तो वापरा, म्हणजे लॅपटॉपकडून फोनला काहीही जाणार नाही. स्पर्धेत खेळणार असाल तर आयोजकांना डीबगिंग चालतं का ते आधी विचारा.

आवाज अँड्रॉइड ११ किंवा पुढचं असेल तरच येतो. आणि तो लॅपटॉपकडे आला की फोनवरचा बंद होतो, म्हणजे खेळणाऱ्याला पावलांचा आवाजच ऐकू येणार नाही. दोन्हीकडे ठेवण्याचा पर्याय अँड्रॉइड १३पासून आहे. हे बघून घेतल्याशिवाय मॅचला बसू नका.

पूर्वभाग | मंगळ, दुपारी १२:१०

म्हणजे पैसे वाचले की! फोन तापतो त्याला काय करायचं? दुपारी हातात धरवत नाही.

खटका | मंगळ, दुपारी १२:३२

आपल्याकडे मे महिन्यात ४२-४३ अंशांत खेळणं, एनकोड करणं आणि चार्ज करणं ही तिन्ही कामं फोन एकदम करणार असेल तर तो वेग कमी करणारच. कव्हर काढा, टेबलफॅन थेट फोनवर सोडा, ब्राइटनेस कमी करा. फ्रीजमध्ये ठेवायचा शहाणपणा नको, आत दव धरतं.

कॅप्चर कार्डालाही हेच लागू. ते चालताना कोमट होणं ठीक, पण लॅपटॉपच्या गरम हवेच्या झोतात ठेवलं तर तासाभराने चित्र गोठतं, आणि वायर काढून लावली की पुन्हा चालतं. ही खूण उष्णतेची. आणि लॅपटॉप गादीवर सोलापुरी चादर पसरून त्यावर ठेवू नका. खालच्या जाळीतून हवा आत जाते आणि आपल्या चादरी काही विरळ नसतात.

शेंगाचटणी | मंगळ, रात्री ८:१५

पीएस५मध्येच यूट्यूबवर ब्रॉडकास्ट करायची सोय आहे, क्रिएट बटण दाबा आणि सुरू करा. एवढा खटाटोप कशाला?

टेरीटॉवेल | मंगळ, रात्री ८:३३

बरोबर आहे, आणि गड्डा_गेमर यांनी पहिले दोन आठवडे तसंच करून बघावं असं माझंही मत आहे. लाइव्ह सुरू करायला यूट्यूबवर फोन नंबरने पडताळणी लागते आणि पहिल्या वेळी २४ तासांपर्यंत थांबावं लागतं, ते काम या काळात उरकेल. कार्ड तेव्हा लागतं जेव्हा स्वतःची चौकट, चांगला माइक, मध्ये विश्रांतीचा पडदा आणि लॅपटॉपवर रेकॉर्डिंग हवं असतं. नुसतं दाखवायचं असेल तर नाही.

आणि पीसीवरचे गेम त्याच पीसीवरून दाखवायचे असतील तर कार्ड मुळीच लागत नाही, ओबीएसचं गेम कॅप्चर पुरे. हे विचारणारे दर महिन्याला दोघेतिघे येतात म्हणून लिहून ठेवलं.

गड्डा_गेमर | शनि, रात्री १०:२०

एचडी६० एक्स मागवलं, आलं. वायरमनने अर्थिंगचा खड्डा पाणी घालून पाहिला, फेज-अर्थ १६५ वरून २२८ वर आलं, झिणझिण्या बंद. आउटपुट इन्फर्मेशनमध्ये २१६०पी ६० आणि ओबीएसमध्ये १०८०पी ६० दिसतंय. एकच अडचण: माझा आवाज चित्राच्या पुढे पळतो. "गोळी लागली" म्हणतो आणि गोळी नंतर लागते.

टेरीटॉवेल | शनि, रात्री १०:४४

माइक लगेच पोचतो, कार्डातून येणारं चित्र थोडं मागून. माइकला तेवढंच थांबवायचं. अंदाजाने नको, मोजा. ओबीएसच्या अॅडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीजमध्ये गेमचा आवाज ट्रॅक १ आणि माइक ट्रॅक २ला द्या. आउटपुटमध्ये दोन्ही ट्रॅक रेकॉर्डिंगसाठी टिक करा. माइक टीव्हीच्या स्पीकरसमोर धरा, गेममध्ये एकच गोळी झाडा, दहा सेकंद रेकॉर्ड करा. ऑडॅसिटी या आवाजाच्या प्रोग्रामात फाइल उघडा, त्याला एफएफएमपेग ही जोडणी लागेल. दोन ओळींत एकाच गोळीचे दोन टोकदार डोंगर दिसतील. त्यांच्यातलं अंतर मिलिसेकंदांत मोजा आणि तो आकडा माइकच्या सिंक ऑफसेटमध्ये टाका, गेमच्या नव्हे. तीनदा मोजून मधला घ्या.

आकडा दर वेळी वेगळा येत असेल किंवा तासाभरात वाढत जात असेल तर ते सॅम्पल रेटचं भांडण आहे. ओबीएसमध्ये ४८ किलोहर्ट्झ आणि विंडोजच्या साउंडमध्ये कार्ड आणि माइक दोन्हींनाही ४८,००० करा. एक ४४,१००वर राहिला तरी आवाज हळूहळू सरकू शकतो.

गड्डा_गेमर | रवि, सकाळी ९:३५

तीन मोजण्या: ९६, १०१, ९८. ऑफसेट ९८ टाकला, जुळलं. माइक विंडोजमध्ये ४४,१००वर होता, तोही ४८,००० केला. आता पार्टी चॅट मात्र स्ट्रीममध्ये येत नाहीये, मित्रांचा आवाज मलाच ऐकू येतो.

टेरीटॉवेल | रवि, सकाळी १०:१०

ते एचडीएमआयमधून जात नाही, हेडसेटकडेच जातं. कंट्रोलरच्या ३.५ मिमी जॅकमधून हेडसेट आणि लॅपटॉप असे दोन फाटे काढणारी चॅट लिंक केबल मिळते. लॅपटॉपला एकच जॅक असेल तर साधारण दोन-तीनशेचं यूएसबी साउंड कार्ड लावा आणि त्याच्या माइकच्या भोकात तो फाटा द्या. आवाज फाटला तर विंडोजमध्ये माइक बूस्ट शून्य करा. आणि मित्रांना आधी सांगा की त्यांचं बोलणं आता लाइव्ह जातंय.